तेहतीस अनारशांचे डोंगर

मंगळवार, १४ एप्रिल १९५३. मुलुंड.
अधिक वैशाख शुद्ध प्रतिपदा.

पुरुषोत्तम मास लागला. पहाटे स्नान, पोथीचा पहिला अध्याय, देवापुढे तुपाचं निरांजन. महिनाभर लावायचंय, म्हणून वात बारीक वळली. देवाला उजेड तेवढाच.

नऊच्या सुमाराला नीला घाटकोपरहून आली. बरोबर ट्रंक. लग्नाला पुरते पाच महिने नाहीत झाले आणि पोर ट्रंक घेऊन दारात. पाणीसुद्धा न पिता ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि शाळेत कविता म्हणायची तसा विहीणबाईंचा निरोप तिने म्हणून दाखवला.

"अधिकाचं वाण जावयाला द्याल ते आमच्या घरच्या रीतीने द्या. तेहतीस अनारसे. ताटात डोंगर रचायचे. वर एक, त्याखाली दोन, त्याखाली तीन, असा डोंगर. लहान करा, मोठे करा, किती करायचे ती तुमची मर्जी. पण दोन डोंगर सारख्या उंचीचे नकोत. सारखे झाले की घरात दोन चुली होतात. ताट नीट रचलं गेलं की श्यामकांत ते घेऊन येईल आणि सून ताटामागोमाग येईल. तोवर राहू दे तिला माहेरी."

"आणि नाहीच रचलं गेलं तर?"

"ते नाही सांगितलं," नीला म्हणाली आणि ट्रंक उघडून साड्या लावायला लागली. महिनाभराच्या साड्या आणल्या आहेत.

हे सगळं केशरापायी झालंय हे मी जाणून आहे. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेले होते. पन्ह्यात केशर घातलेलं. मी चांगल्या मनाने म्हटलं, आमच्याकडे वेलची घालतात, पन्ह्यात केशराचा रंग दिसतो कुणाला? पंधरावीस बायका बसल्या होत्या. विहीणबाई हसल्या, पण नुसत्या ओठांनी.

"आई, तू केशराच्या काड्या मोजल्यास," नीला म्हणाली.

मी मोजल्या नव्हत्या. पेल्यात तीन होत्या, त्या दिसल्या.

असो. मी मॅट्रिक झालेली बाई आहे. गणितात एकाहत्तर मार्क होते. तेहतीस अनारसे रचायचे म्हणजे काही घाट चढायचा नाही.

गुरुवार, १६ एप्रिल

अनारसे आत्ताच तळले तर महिनाअखेरपर्यंत कोण राहू देईल? रचायचा सराव चिंचोक्यांवर करायचं ठरवलं. मागल्या चिंचेचे हवे तेवढे आहेत.

एकेक डोंगर मांडून पाहिला. एक मजल्याचा म्हणजे एकच अनारसा. दोन मजल्यांचा तीन. मग सहा, दहा, पंधरा, एकवीस, अठ्ठावीस. त्यापुढचा छत्तीसचा, तो आपल्या कामाचा नाही. आता यांतले निरनिराळे घेऊन तेहतीस करायचे, की झालं.

झालं नाही. अठ्ठावीसचा मांडला, जवळ तीनचा मांडला, त्याच्याजवळ एकटा एक. झाले बत्तीस. एक चिंचोका हातात राहिला. तो एकट्याशेजारी ठेवावा तर एक आणि एक असे दोन सारखे डोंगर, म्हणजे दोन चुली. मोडून पुन्हा मांडले. पंधरा आणि पंधरा आणि तीन, बरोबर तेहतीस. पण पुन्हा दोन सारखे.

नीला भाजी निवडत बसली होती. "होऊ देत की दोन चुली," ती हळूच म्हणाली. मी डोळे वटारले.

हे कचेरीतून आले, कोट काढता काढता चिंचोक्यांकडे बघत राहिले. म्हणाले, "चौतीस कर. अठ्ठावीस नि सहा. सुटलं."

"तेहतीस म्हणजे तेहतीस. देव तेहतीस कोटी. चौतिसावा कुणाचा?"

"माझा."

यांना कुठे काय बोलावं कळत नाही. तांदूळ भिजत घातला. रेशनचाच आहे, पण जुना मिळाला. रोज पाणी बदलायचं, तीन दिवस.

शनिवार, १८ एप्रिल

संध्याकाळी अचानक श्यामकांतराव आले. मी पदर सावरून पुढे झाले. वाटलं, आता हे काय ऐकायचं. पण माणूस सालस आहे. म्हणाले, "आईने पाठवलंय. रीतीप्रमाणे चाललंय ना, ते बघून ये म्हणाली."

मी म्हटलं, बरं झालं, तुम्हीच बघा. जावईबापू बी. ए. आहेत, तेही गणित घेऊन. विम्याच्या कंपनीत बसून कुठल्या वयाची किती माणसं जातील याची गणितं मांडतात. त्यांच्यापुढे तेहतीस चिंचोके म्हणजे काय?

ओसरीवर चटई टाकून दिली. समोर नीला बसली, चिंचोके उचलून द्यायला. त्यांना विचार करता यावा म्हणून मी ह्यांनासुद्धा आत बोलावून घेतलं आणि मधलं दार लोटून दिलं. तासाभराने चहा घेऊन गेले तर चिंचोके होते तसेच.

"काय झालं?"

"अवघड आहे," जावईबापू म्हणाले. कपाळावर घाम होता. "उद्या पुन्हा बघावं लागेल."

मला त्यांची दया आली.

बुधवार, २२ एप्रिल

जावईबापू रोज येतात. कचेरी सुटली की घाटकोपर सोडून सरळ पुढे मुलुंड. दमतात बिचारे, पण हट्ट सोडत नाहीत. चहाला साखर जास्त लागते आहे. मी नीलाला सांगितलं, गूळ घाल, उन्हाळ्यात गूळ थंड. ती म्हणाली, "गूळ थंड कधीपासून झाला?" तिला सासरी जाऊन बोलायला यायला लागलंय.

पण तिथे तिला बोलायला मिळत नाही म्हणे. दोन खोल्या, सात माणसं. आत्तेसासूबाई दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारातच अंथरूण घालतात, कारण तिथे वारा लागतो. "आमचं जे काय बोलणं होतं ते सकाळी नळावर, हंडा भरेपर्यंत," नीला सांगत होती.

मी म्हटलं, नवराबायकोला एवढं बोलायचं काय असतं? हंडा भरेपर्यंत सगळं होतं बोलून.

सकाळी वेणी घालताना ती काहीतरी पुटपुटत होती. दोन, पाच, आठ, बारा, तेवीस, तेहतीस. पुन्हा दोन, पाच, आठ. विचारलं, हा कसला पाढा? दचकली. म्हणाली, काही नाही, रेशनच्या रांगेतले नंबर. आमचा नंबर एकेचाळीस होता. पोरीचं मन थाऱ्यावर नाही.

शुक्रवार, २४ एप्रिल

आज दुपारी मी एकटीने बसून शहानिशा केली. उगाच मांडा आणि मोडा नाही, रीतसर.

सगळ्यांत मोठा डोंगर अठ्ठावीसचा घेतला तर पाच उरतात. पाचात तीन आणि एक बसतात, एक उपाशी राहतो. एकवीसचा घेतला तर बारा उरतात. त्यात दहा घेतले तर राहिले दोन, आणि दोनाचा डोंगर होत नाही. दहा न घेतले तर सहा, तीन आणि एक मिळून दहाच. पुन्हा दोन उपाशी. पंधराचा घेतला तर अठरा उरतात. दहा, सहा, तीन, एक सगळे घेतले की होतात वीस. त्यांतून दोन कमी करायचे, पण दोनाचा डोंगरच नाही तर काढणार काय? आणि पंधराहून मोठा एकही न घेतला, पंधराही न घेतला, तर सगळे मिळून वीसच. संपलं. दुसरी वाटच नाही.

म्हणजे गणित म्हणतं, तेहतिसाचे निरनिराळे डोंगर होतच नाहीत.

हे लिहिलं आणि पाच मिनिटं अभिमानाने बघत बसले. मग भानावर आले. विहीणबाईंच्या घरात म्हणे तीन पिढ्या हे ताट रचलं जातंय. तीन पिढ्यांची रीत खोटी कशी असेल? तेव्हा माझंच गणित कुठेतरी चुकलं असणार. एकाहत्तर मार्क म्हणजे एकोणतीस गेलेच होते.

संध्याकाळी जावईबापूंना तो कागद दाखवला. ते वाचता वाचता पांढरे पडले. नीलाच्या हातातला पेला पडला. पितळेचा होता म्हणून बरं.

"चूक सापडली का?" मी विचारलं.

त्यांनी नीलाकडे पाहिलं. घसा खाकरला. "सापडेल. एवढ्यात नाही सांगता येणार. एकवीसच्या बाजूने मला जरा शंका वाटते."

"मलाही तेच वाटलं. रीत आहे म्हटल्यावर होत असलंच पाहिजे. चुकलं असेल तर गणित चुकलं असेल."

"अगदी बरोबर," जावईबापू म्हणाले. "गणित चुकू शकतं."

एवढा शिकलेला माणूस, पण नम्रता केवढी.

मंगळवार, २८ एप्रिल

मागल्या खोलीतली मालन आज विरजण मागायला आली होती. तिचा नवरा गिरणीत आहे, माणसं मालवणकडची, तोंडाने फटकळ पण मनाने चांगली. ओसरीवर जावईबापू आणि नीला चिंचोक्यांवर वाकून बसलेले. मालन तिथेच थबकली.

"वहिनी, तुमचो जावय रोज येता, तो चिंचोके बघूक येता काय?"

मी तिला सगळी रीत समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि मग ती एकदम चटईवर बसली. अठ्ठावीसचा, तीनचा, एकाचा मांडलेला होता. बाजूला उरलेला चिंचोका तिने उचलला आणि सरळ अंगणात फेकला.

"झाला मा. आता तिनय डोंगर येगळे. येक कमी करा नि ह्येंका एकदाचे घराक धाडा."

मी अंगणात जाऊन चिंचोका शोधून आणला. जावईबापूसुद्धा घाईघाईने म्हणाले, "नाही नाही, मालनबाई, एकही कमी चालायचा नाही. रीत म्हणजे रीत." मला बरं वाटलं. आजकालच्या मुलांत इतकी श्रद्धा कुठे असते?

जाताना मालन माझ्या कानाशी म्हणाली, "माका विचारशात तर गणित कधीच सुटलेला आसा." तिला काय कळतंय गणितातलं? सही करताना पेन उलटं धरते.

नंतर डोकं मोकळं करायला म्हणून दोघं पाच रस्त्याच्या नाक्यापर्यंत चालत जाऊन आली. येताना नीलाच्या वेणीत मोगऱ्याचा गजरा. जावईबापू म्हणाले, मोगऱ्याने डोकं थंड राहतं, विचार सुचतो. मग गजरा त्यांनी डोक्याला बांधायला हवा होता. विचार त्यांना करायचाय.

रविवार, ३ मे

चार दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. अनारशाचं पीठ गुळात भिजवून डब्यात ठेवलं आहे. चांगलं मुरलंय. तेवढंच एक चांगलं चाललंय.

आज देवळात कुणीतरी विचारलंच. "लेक बरेच दिवस आहे माहेरी?" मी म्हटलं, अधिक आहे ना. ती बाई म्हणाली, "हो, अधिक आहेच." त्या 'आहेच'मध्ये सगळं आलं.

जावईबापूंची आज सुट्टी. सकाळपासून ओसरीवर. मधल्या दाराआड मी तांदूळ निवडत होते, तर बाहेर दोघांचं हसणं. आधी हळू, मग तोंडावर हात धरून दाबलेलं, मग तेही सुटलं. मला राग आला. जावई जेवून गेल्यावर नीलाला म्हटलं, "तुला काही वाटतं की नाही? वाण द्यायची द्वादशी आठवड्यावर आली. ताट झालं नाही तर तुझं काय होईल?"

"होईल गं आई."

"कसं होईल? तो बी. ए. माणूस पंधरा दिवस खपतोय. त्याला होत नाही, मला होत नाही."

नीला माझ्याजवळ आली आणि तांदूळ निवडायला बसली. मग म्हणाली, "तुला माझी एवढी काळजी वाटते?"

मी म्हटलं, नाही, मला तांदळातल्या खड्यांची वाटते.

पण इथे खरं लिहायला काही हरकत नाही. मला भीती वाटते ती अनारशांची नाही. काटकसर हा माझा धर्म आहे, तो मी सोडणार नाही, पण तो माझ्या घरापुरता होता. दुसऱ्याच्या पेल्यात मी कशाला डोकावले? माझ्या तीन केशरकाड्यांपायी पोरीच्या संसाराला अडसर पडला. रात्री पोथी मिटल्यावर देवाला म्हटलं, बाबा, एवढं पार पाड. तुळशीला रोज तेहतीस प्रदक्षिणा घालीन. दुसरं काही मी कबूल केलं नाही. प्रदक्षिणेला खर्च येत नाही हे देवालाही ठाऊक आहे, पण गुडघे माझेच जातात.

बुधवार, ६ मे

आज बाजारात जाऊन केशर आणलं. लहानातली लहान डबी. दुकानदाराने विचारलं, लग्न आहे का घरात? मी म्हटलं, टिकवायचंय.

डबी घरी आणून देवाच्या कपाटात ठेवली. ह्यांनी पाहिली. डबी उचलून वास घेतला आणि होती तशी ठेवली. मग बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मी विचारलं, काय? म्हणाले, काही नाही.

शनिवार, ९ मे. एकादशी.

उपासाच्या पोटी अनारसे तळले. पीठ मापून, हाताने तोलून, बरोबर तेहतीस गोळ्या केल्या. एकही जास्त नाही. केळीच्या पानावर खसखस, त्यावर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून अलगद तुपात सोडायचा. उलटायचा नाही. वरून झाऱ्याने तूप उडवत राहायचं. आच जरा चढली की अनारसा तुपात हसतो, पसरतो आणि विरघळून जातो. माझा एकही हसला नाही. तेहतीसच्या तेहतीस जाळीदार, बदामी. आईने पाहिले असते तर पाठीवरून हात फिरवला असता.

नीला पान पुसून द्यायला बसली होती. पहिला अनारसा कढईतून काढला तेव्हा ती म्हणाली, "आई, हा पहिला..." आणि थांबली.

"काय पहिला?"

"काही नाही. छान झालाय."

संध्याकाळी जावईबापू आले. उद्या द्वादशी, विहीणबाई स्वतः येणार. मी म्हटलं, शेवटचं एकदा बघा. त्यांनी चिंचोक्यांना हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "उद्या आई आली की होईल काहीतरी." आणि नीलाकडे बघून उगाच उदास झाले. तीही झाली. इतके दिवस हसत होती ती माणसं आज सुटायची वेळ आल्यावर रडवेली. मला कळत नाही.

चुकलेलं गणित अखेर चुकलेलंच राहिलं. विम्याच्या कंपनीचं काय होत असेल देव जाणे.

रविवार, १० मे. द्वादशी.

सगळं नीट लिहून ठेवते.

विहीणबाई दहाला आल्या. अंजिरी रंगाचं नऊवारी, नाकात नथ. मी आधी पन्हं दिलं. पेल्यात केशराच्या पाच काड्या होत्या. मोजूनच घातल्या होत्या. त्यांनी पेला उजेडाकडे धरला, पाहिलं, एक घोट घेतला.

"कशाला एवढं केशर, विहीणबाई? वेलचीचा स्वाद छान येतो. मी आता घरी वेलचीच घालते."

मला बसायला जागा शोधावी लागली.

मग ताट. पाटावर जावईबापू बसलेले, समोर रांगोळी, समई. चांदीचं ताट नाही आमच्याकडे, पितळेचं चिंचेने घासून लखलखीत केलेलं. मी अठ्ठावीसचा डोंगर मांडला. त्याजवळ तीनचा, त्याजवळ एकटा एक. आणि तेहतिसावा हातात घेऊन तशीच उभी राहिले. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. दारात मालन येऊन उभी राहिली होती, विरजणाचं भांडं परत करण्याच्या निमित्ताने.

विहीणबाईंनी ताट पाहिलं. मग वळून आमच्या देव्हाऱ्याकडे पाहिलं.

"देवाचा कुठे?"

"देवाचा?"

"घाण्यातला पहिला. तो देवापुढे ठेवायचा असतो ना."

मी म्हटलं, "सगळ्या ताटाचाच नैवेद्य दाखवणार होते. देव नजरेने खातो. वेगळा कशाला काढायचा, उगाच..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला.

विहीणबाई म्हणाल्या, "अहो, देवालाही नुसता दाखवून परत काढून घेता?"

ह्यांना जोराचा ठसका लागला. मालन पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली. मी, रोज पोथी वाचणारी, महिनाभर पहाटे थंड पाण्याने न्हाणारी, देवाच्या वाटणीचा एक अनारसा माझ्या मुठीत. जमीन दुभंगावी असं झालं.

विहीणबाईंनीच तो माझ्या हातातून घेतला. हळूच, हाताला हात लावून. बाळकृष्णापुढे ठेवला आणि नमस्कार केला. मग ताटाकडे बोट केलं. अठ्ठावीस, तीन, एक. तीन डोंगर, तीन उंच्यांचे. एक देवाचा, बत्तीस ताटात, मिळून तेहतीस.

"झालं की," त्या म्हणाल्या.

"आश्चर्य आहे," जावईबापू म्हणाले. जरा लवकरच म्हणाले. मग गणिताची हुशारी आठवून मला सांगायला लागले, "आई, तुमचं त्या दिवशीचं गणित बरोबरच होतं. असे हट्टी आकडे सहाच आहेत. दोन, पाच, आठ, बारा, तेवीस आणि तेहतीस. यांचे वेगवेगळे डोंगर कधीच होत नाहीत. तेहतीस शेवटचा. त्याच्यापुढचा कुठलाही आकडा घ्या, लाख घ्या, कोटी घ्या, डोंगर होतातच."

हा पाढा कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. कुठे ते आठवेना.

माझ्या मनात मात्र दुसरंच आलं. मी विचारलं, "पण श्यामकांतराव, मागल्या अधिकात तुमच्या बहिणीच्या यजमानांचं ताट तुम्हीच पोचवलं होतंत ना? नीला म्हणाली होती. तेव्हा बत्तीस दिसले नाहीत?"

नीला दूध बघायला म्हणून आत गेली. दूध तापत नव्हतं.

जावईबापू म्हणाले, "ताटावर रुमाल होता."

ते पटण्यासारखं आहे.

जेवणं झाली. निघताना विहीणबाई स्वयंपाकघरात आल्या. नीलाची ओटी भरताना मी म्हटलं, "आधीच सांगितलं असतंत तर पोरांचे हाल झाले नसते. रोज घाटकोपरहून पुढे यायचं, तास तास ओसरीवर बसायचं."

विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. यावेळी डोळ्यांनीसुद्धा. म्हणाल्या, "माझं लग्न झालं तेव्हा मालाडला आमच्या एका खोलीत अकरा माणसं. पहिल्याच अधिकात सासूबाईंनी मला असंच माहेरी धाडलं, मनोरीला. वडील तिथे शाळामास्तर. तोच निरोप, तेच डोंगर. आमचे हे रोज कचेरी सुटल्यावर मार्व्याला यायचे, तिथून खाडी ओलांडायला तरीच्या होडीत बसून मनोरी. महिनाभर. कधीकधी शेवटची होडी चुकायची, मग राहावं लागायचं."

"आणि त्यांनाही देवाचा अनारसा आठवला नाही?"

"नाही हो. शेवटच्या दिवसापर्यंत नाही." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्हीही कुणाला सांगू नका. नीलाला सून येईल तेव्हा लागेल."

मी शब्द दिला. पण एक गोष्ट मनात आल्याशिवाय राहिली नाही. त्या घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गणितात कच्चे दिसतात.

ताट पुढे, नीला मागे. वळणावर तिने एकदा मागे पाहिलं. हसत होती आणि डोळे पुसत होती. मी ताटावरचा रुमाल वाऱ्याने उडत नाही ना, एवढंच बघत राहिले.

सोमवार, ११ मे

घर रिकामं. तुळशीला तेहतीस प्रदक्षिणा घातल्या. बोलून बसले होते.

साखरेचा डबा तळाला गेला आहे. केशराच्या डबीत अजून बरंच आहे. देवापुढचा अनारसा सकाळी ह्यांनी प्रसाद म्हणून खाल्ला, मला अर्धा दिला.

संध्याकाळी ओसरी झाडायला गेले तर चटईवर चिंचोके तसेच पडलेले. गोळा करायला वाकले तेवढ्यात हे कचेरीतून आले. कोट काढला, खुंटीवर अडकवला आणि चटईवर बसले. चिंचोके पुढे ओढून घेतले.

"ये," म्हणाले. "तेहतिसाचं पुन्हा एकदा बघू."

मी म्हटलं, "सुटलंय की ते. काल तुमच्या डोळ्यांदेखत सुटलं."

"तरी बस."

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हे गणितात माझ्याहून पुष्कळ बरे आहेत, तेव्हा यात काय बघायचं राहिलं होतं ते कळलं नाही. पण बसले. त्यांनी एक चिंचोका ठेवला, मी त्याखाली दोन ठेवले. मधलं दार लोटलेलंच होतं.

आत दूध उतू गेलं. पावशेर तरी गेलं असेल. आजच्या हिशेबात धरलेलं नाही.